सरांचं चित्र कोणी काढायचं?
(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)

 

संयोजकांनी मला ‘संगणक युग आणि आपण’ असा विषय दिला होता. मी तो बदलून मागितला. त्या विषयावर बोलायला लागले असते तर निम्मे लोक मंडपामागच्या चहाकडे गेले असते, हे एक कारण. दुसरं कारण असं, की आपल्या बॅचपुढे सध्या एक खरोखरचा प्रश्न आहे आणि त्यावर व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर गेले तीन आठवडे नुसते अंगठे उठताहेत. आपल्या मुख्याध्यापक सरांचं चित्र शाळेच्या हॉलमध्ये लावायचं ठरलं आहे. पैसेही जमले आहेत. ते चित्र करायचं कसं, एवढंच ठरायचं आहे.

बाहेरगावहून आज पहिल्यांदाच आलेल्यांसाठी थोडं मागचं सांगते. सरांना स्वतःचा फोटो काढून घेण्याचा कंटाळा होता. काकूंकडे त्यांचे मोजकेच फोटो आहेत. एक लग्नातला, विशी-पंचविशीतला, त्यात सर ओळखूच येत नाहीत. एक शेवटच्या आजारपणातला, तो लावायचा नाही असं काकूंनी स्पष्ट सांगितलं आहे. आपल्याला आठवतात ते सर, म्हणजे पन्नाशीतले, छडीला हात न लावता नुसतं चष्म्यावरून बघून अख्खा वर्ग गप्प करणारे, ते एकाच फोटोत सापडतात. दहावीच्या निरोप समारंभाचा ग्रुप फोटो. आपण सगळे चार ओळींत, सर मधोमध खुर्चीवर, आणि चष्म्याच्या काचेवर नेमकं ऊन.

आपल्यातल्या एका मित्राने तो फोटो स्कॅन केला, सरांचा चेहरा कापून घेतला आणि मोबाइलवरच्या एका ॲपला दिला. अर्ध्या मिनिटात त्याने सरांचं असं चित्र काढून दिलं, की मिशीचा केस न् केस मोजून घ्यावा. ग्रुपवर एकच जल्लोष झाला. ‘सर अगदी समोर बसलेत’, ‘आता हेच फ्रेम करा’. मग दोन मैत्रिणी ते चित्र घेऊन काकूंकडे गेल्या. काकूंनी चष्मा लावला, बराच वेळ पाहिलं आणि म्हणाल्या, “छान आहेत गं. पण हे कोण?”

काकूंचं वय झालं, त्यांना नीट दिसत नसेल, असं कुणीतरी ग्रुपवर लिहिलं. माझं म्हणणं आहे की आपल्या सगळ्यांत काकूंनाच नीट दिसलं. ते का, हे सांगायला मी उभी आहे.

आधी माझ्या धंद्यातला हिशेब सांगते. स्कॅन केलेल्या त्या फोटोत सरांचा चेहरा जेमतेम चाळीस ठिपके रुंद आहे. हॉलमध्ये लावायच्या चित्रात तो चेहरा साधारण हजार ठिपके रुंद लागेल, तेव्हा तो स्वच्छ दिसेल. म्हणजे पंचवीसपट रुंद आणि पंचवीसपट उंच. पंचवीस गुणिले पंचवीस, 625. प्रत्येक 625 ठिपक्यांमागे एक ठिपका सरांचा आहे आणि उरलेले 624 यंत्राने भरलेले आहेत. कुठून भरले? त्या यंत्राला शिकवताना लाखो माणसांचे चेहरे दाखवलेले असतात. पन्नाशीच्या, मिशीवाल्या, चष्मेवाल्या माणसाचा डोळा साधारण कसा असतो, ते त्याला माहीत असतं. तसा डोळा ते काढतं. सरांच्या चष्म्यावर तर ऊन होतं, तिथे डोळ्याचा एकही ठिपका नव्हता. ते दोन्ही डोळे कुणाचेच नाहीत. आणि दोन्ही सारखे आहेत! आपल्या सरांची उजवी पापणी किंचित खाली असायची, आठवतंय ना? सर रागावलेत की हसताहेत हे त्या पापणीमुळे पटकन कळायचं नाही, आणि तीच तर आपली सगळी भीती होती.

यावर तुम्ही म्हणाल, मग चित्रकाराकडे तरी काय असणार? त्याच्याही हातात तोच फोटो आणि तेच चाळीस ठिपके. तोही मनानेच भरणार. बरोबर आहे. म्हणून फोटोसारखी हुबेहूब चित्रं काढणारी माणसं नेमकं काय करतात, ते जरा बघू या.

मी चित्रकार नाही. शाळेत एलिमेंटरी, इंटरमिजिएट दिल्या तेवढंच. पण दिवसभर पडद्यावर नजर लावून बसणाऱ्याला कधीतरी प्रश्न पडतो की हे जे दिसतंय ते खरं किती. तसा तो मला पडला आणि हुबेहूब चित्रांचा नाद लागला. त्यातलं एक नाव तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी ऐकलं असेल: शशिकांत धोत्रे. आपल्या शेजारच्या सोलापूर जिल्ह्यातले, मोहोळ तालुक्यातल्या शिरापूरचे. जन्म 1982 चा, म्हणजे आपल्याच पिढीचे. घरात दगड फोडण्याचं काम. मुंबईच्या जे. जे. मध्ये प्रवेश मिळाला होता, पण पैशाअभावी शिक्षण सोडावं लागलं. पुढचं सगळं स्वतःच शिकले. साधन काय, तर रंगीत पेन्सिली आणि काळा कागद. गावाकडच्या बायका, मुली, घरातली माणसं, साडीच्या चुण्या, अंगावरचे दागिने. पहिल्यांदा पाहणारा माणूस हमखास म्हणतो, “हा फोटो आहे.”

गंमत बघा, आपल्यापैकी बहुतेकांनी ती चित्रं मोबाइलवर पाहिली आहेत. मोबाइलवर पाहिलं की तो खरोखरच फोटो झालेला असतो, चित्राचा फोटो. पेन्सिलीच्या रेघा, कागदाचा पोत, सगळं पडद्याच्या गुळगुळीतपणात बुडून जातं आणि चित्र फोटोसारखं आहे की नाही हे ठरवायला आपल्याकडे काही उरतच नाही. अशी चित्रं प्रदर्शनात जाऊनच बघावीत. लांबून फोटो, जवळ गेलं की रेघा, परत मागे आलं की फोटो. तो पुढे-मागे करण्यातच खरा मजा आहे, आणि तो मोबाइलवर मिळत नाही.

काळ्या कागदाचा मुद्दा मला फार महत्त्वाचा वाटतो. पांढऱ्या कागदावर आपण सावली काढतो आणि उजेड कागदाचाच असतो. काळ्या कागदावर उलटं. अंधार आधीच आहे. चित्रकाराने काढायचा तो उजेड. गालाच्या हाडावर पडलेला, नाकाच्या शेंड्यावरचा, जरीच्या काठावरचा. जिथे काही दिसत नाही तिथे पेन्सिल लावायचीच नाही. म्हणजे चित्रातला मोठा भाग कुणी काढलेलाच नसतो! मानेमागे केसांचा अंबाडा आहे असं आपल्याला दिसतं, पण तिथे नुसता कागद असू शकतो. अंबाडा आपण घालतो. याला फसवणूक म्हणा हवं तर, पण ती आपल्या मदतीने केलेली आहे.

याच्या बरोबर उलट बाजूचं उदाहरण घरोघरी आहे. हातात समई घेतलेली, दुसऱ्या हाताने ज्योतीला आडोसा करणारी ती बाई. कॅलेंडरवर, दवाखान्यात, हॉटेलच्या भिंतीवर आपण तिला पाहिलेलं आहे आणि निम्मे लोक तिला राजा रविवर्म्याचं चित्र समजतात. ते चित्र सावंतवाडीच्या सावळाराम हळदणकरांचं आहे, 1945-46 च्या सुमाराचं, आणि मूळ चित्र म्हैसूरच्या जगनमोहन पॅलेसमध्ये आहे. समोर उभी होती ती त्यांची मुलगी गीता. बोटांतून झिरपणारा तो लालसर उजेड पाहून वाटतं की मागे दिवा लावला आहे. पण ते जलरंगातलं चित्र आहे. जलरंगात उजेडाची जागा म्हणजे कमीत कमी रंग लावलेला कागद. तिथे काही जळत नाही. भोवती अंधार इतका हिशेबाने गडद करत नेला आहे की मधला साधा कागद पेटल्यासारखा वाटतो. हळदणकरांनी उजेड सोडला, धोत्रे अंधार सोडतात. दोघांनाही नेमकं माहीत असतं की बघणाऱ्याचा डोळा कुठली जागा स्वतः भरून घेईल.

आता डोळ्याबद्दल थोडं. हात सरळ लांब धरा आणि अंगठ्याचं नख बघा. सगळ्यांनी करून बघा, बाई तुम्हीसुद्धा! जवळजवळ त्या नखाएवढ्याच भागात आपल्याला एका वेळी अगदी स्पष्ट दिसतं. बाकी सगळं धूसर असतं. तरीही हा मंडप आपल्याला कडेपर्यंत स्वच्छ दिसतोय असं वाटतं, कारण डोळा सारखा इकडेतिकडे उड्या मारतो आणि उरलेलं मेंदू जुळवून घेतो. म्हणजे 625 मधला एक ठिपका घेऊन बाकीचं भरायचा उद्योग आपण जन्मापासून करत आलो आहोत. चेहऱ्याच्या बाबतीत तर मेंदू फारच उतावीळ आहे. गणपतीच्या कारखान्यात मोकळा साचा भिंतीला टेकवून ठेवलेला असतो ना, आतून खोल गेलेला? जरा लांबून, एक डोळा मिटून बघा. खोलगट चेहरा बाहेर आलेला दिसतो. आपण सरकलो की तोही मान वळवून आपल्याकडे बघतो. साचा आहे हे पक्कं माहीत असूनही तसंच दिसतं. चेहरा आत गेलेला असू शकतो हे मेंदूला मान्यच नाही.

अमेरिकेतल्या बेल लॅब्जमध्ये लिऑन हार्मन नावाच्या संशोधकाने याच्यावर काम केलं होतं. 1973 साली त्याने अब्राहम लिंकनचा चेहरा मोठमोठ्या करड्या चौकोनांत मोडून प्रसिद्ध केला. प्रत्येक चौकोन एकाच छटेचा. जवळून बघितलं तर बाथरूमच्या फरशा. पण डोळे किलकिले केले किंवा लांब गेलं की लिंकन. चौकोनांच्या धारदार कडा डोळ्याला अडवतात, त्या धूसर झाल्या की चेहरा मोकळा होतो, असं त्याचं आणि त्याचा सहकारी बेला युलेस याचं स्पष्टीकरण. साल्वादोर दाली या चित्रकाराने त्याच लिंकनवरून मोठं चित्र केलं. जवळून खिडकीत उभी असलेली त्याची बायको, वीस मीटरवरून लिंकन. चित्राच्या नावातच वीस मीटर लिहून ठेवलेत, म्हणजे भिंत कमी पडली तर तक्रार नको!

आणि या सगळ्या चौकोनांचा खरा बादशहा म्हणजे चक क्लोज. अमेरिकेतलाच. 1967-68 मध्ये त्याने स्वतःच्या फोटोवर चौकोन आखले, तेवढेच चौकोन मोठ्या कॅनव्हासवर आखले आणि एकेक चौकोन काळ्या-पांढऱ्यात उतरवत नऊ फूट उंच, सात फूट रुंद चेहरा केला. विस्कटलेले केस, काळ्या फ्रेमचा चष्मा, तोंडात सिगारेट. पद्धत तुम्हाला ओळखीची वाटली असेल. आपल्या चित्रकलेच्या सरांनी फुटपट्टीने चौकोन आखायला लावून आपल्याकडून शिवाजी महाराज मोठे करून घेतले होते, तीच. क्लोजने त्यात एक गोष्ट केली जी मला फार आवडते. कॅमेऱ्याने एका ठरावीक अंतरावरचंच स्पष्ट टिपलेलं असतं. त्याच्या पुढचं आणि मागचं जे धूसर आलं होतं, ते त्याने धूसरच रंगवलं. माणसाच्या डोळ्याला समोरच्या माणसाचे कान असे धूसर कधी दिसत नाहीत. म्हणजे तो चेहरा रंगवत नव्हता, फोटो रंगवत होता, आणि ते त्याने लपवलं नाही.

क्लोजला चेहरे लक्षात राहत नसत. तो एक मेंदूचा दोषच आहे, रोज भेटणारा माणूसही ओळखू येत नाही. हलता चेहरा त्याच्या हाती लागत नसे. सपाट केलेला, चौकोनांत बांधलेला चेहरा मात्र लागत असे. म्हणून तो आयुष्यभर ओळखीच्यांचे चेहरे रंगवत राहिला. 1988 मध्ये पाठीच्या कण्यातली रक्तवाहिनी बंद पडून अंग लुळं झालं, तेव्हा हाताला कुंचला बांधून त्याने काम सुरू ठेवलं. नंतरच्या चित्रांत प्रत्येक चौकोनात लाल, निळे, नारिंगी गोल आणि लंबगोल आहेत. जवळून रांगोळीची पानं, लांबून माणूस. कुठला रंग कशाशेजारी ठेवला की लांबून गाल होतो, हे प्रत्येक चौकोनात त्याने ठरवलेलं आहे.

इथे ॲपवाल्या मित्राचा राग येणार नाही अशा बेताने एक फरक सांगते. यंत्रही चौकोनच भरतं आणि क्लोजही चौकोनच भरत होता. पण यंत्र भरतं ते सगळ्यांच्या सरासरीने. ते चुकीचं ठरू नये म्हणून शिकवलेलं असतं, आणि चुकीचं ठरायचं नसेल तर सर्वसाधारण डोळा काढणं सगळ्यांत सोयीचं. आपल्याकडेही मुलाखतीला येणारी पोरं अशी उत्तरं देतात. सरांची उजवी पापणी सर्वसाधारण नव्हती. त्यामुळे यंत्र कितीही चांगलं झालं तरी, ती पापणी त्याला कुणी सांगितल्याशिवाय ते ती काढणार नाही. कुठूनही काढणार नाही, कारण ती कुठेच नोंदलेली नाही. ती फक्त आपल्याकडे आहे.

एक कबूल करते, हुबेहूब चित्रांचंही सगळंच मला आवडतं असं नाही. हल्ली चेहऱ्यावर पाण्याचे थेंब काढायची फॅशन आली आहे. प्रत्येक थेंबात खिडकीचं प्रतिबिंब. लोक थेंब मोजतात, टाळ्या वाजवतात, आणि चेहरा कुणाचा होता हे विसरतात. तसं चित्र आपल्याला नको. सरांच्या शर्टाच्या बटणातले चार भोक दिसले नाहीत तरी चालेल.

मग फोटो अपुरा असताना माणूस उभा करता येतो का? येतो, आणि त्याचं उत्तर आपल्या नगरचं आहे. गोपाळ देऊसकर हे नाव किती जणांनी ऐकलंय? हात वर करा. तीन. ठीक आहे. देऊसकरांचा जन्म 1911 चा, आपल्या नगरचा. जे. जे. मध्ये शिकले, मग निजाम सरकारच्या शिष्यवृत्तीवर लंडनला रॉयल अकादमीत गेले आणि पुढे व्यक्तिचित्रणात देशातल्या पहिल्या रांगेत बसले. पुण्याच्या बालगंधर्व रंगमंदिरात तुम्ही नाटक बघायला गेला असाल तर त्यांचं काम तुम्ही पाहिलं आहे. बालगंधर्वांची दोन तैलचित्रं: एक पुरुषवेशातलं, एक स्त्रीभूमिकेतलं.

आता हिशेब करा. बालगंधर्व गेले 1967 मध्ये. रंगमंदिर सुरू झालं 1968 च्या जूनमध्ये. शेवटची कितीतरी वर्षं ते आजारी होते. म्हणजे चित्रातला तो भरातला नट, नऊवारी नेसलेली ती स्त्री, समोर बसवणं शक्यच नव्हतं. जवळ असणार जुने काळे-पांढरे फोटो, तेही त्या काळच्या स्टुडिओतले, ताठ बसवून काढलेले. शालूचा रंग फोटोत नाही. रंगमंचावर दिव्यांत तो चेहरा कसा दिसायचा तेही फोटोत नाही. ते देऊसकरांनी आणलं ते अभ्यासातून आणि ज्यांनी बालगंधर्वांना पाहिलं होतं त्या पिढीच्या डोळ्यांतून. आणि परीक्षक कोण होते? पुण्याचे प्रेक्षक! ज्यांनी तरुणपणी तिकीट काढून तो पदर, ती मान वळवण्याची लकब पाहिली होती. काकूंसारखे. “छान आहे, पण हे कोण?” असं त्यांच्यातलं कुणी म्हणालं असतं तर ती चित्रं तिथे इतकी वर्षं टिकली नसती.

मी त्या दोन चित्रांपुढे मध्यंतरात उभी राहिले आहे, वडापाव हातात घेऊन, लोकांचे धक्के खात. एकच माणूस दोन्हीकडे आहे हे कळायला एक क्षण जातो. मग कळतं. मग परत सुटतं. हाडं तीच, डोळे तेच, आणि तरी एक बाई आणि एक पुरुष. दृष्टिभ्रम म्हणतात तो असाही असतो, त्याला चौकोन लागत नाहीत. फोटो शेजारीशेजारी ठेवून हे जमलं नसतं असं माझं मत आहे. कुणाचं वेगळं असेल.

तर आता आपल्या कामाकडे. माझी सूचना आहे की हे चित्र चित्रकाराकडून करून घ्यावं. आपल्या जिल्ह्यात चित्रकारांची वाण नाही. प्रमोद कांबळ्यांसारखे चित्रकार-शिल्पकार नगरमध्येच घडले आहेत. व्यक्तिचित्रं करणारी तरुण मुलंही आहेत, त्यांनाही काम मिळेल. नाव समितीने ठरवावं, मी कुणाचंही पुढे करत नाही. ॲपचं चित्र टाकून द्यावं असंही मी म्हणत नाही. कपाळाची रुंदी आणि जबड्याचा आकार त्याने मूळ ठिपक्यांवरून बरा पकडला आहे, तेवढं चित्रकाराला दाखवायला हरकत नाही. पण डोळे झाकून. शब्दशः, डोळ्यांवर कागद चिकटवून. एकदा तयार डोळे पाहिले की मग तेच खरे वाटायला लागतात. ग्रुपवर आपलं तसंच झालंय. गेल्या आठवड्यात मला सर आठवायला गेलं की आधी ते ॲपवालेच येत होते. मी घाबरले आणि तो फोटो मोबाइलमधून काढून टाकला. तुम्हीही काढा, अशी विनंती आहे. खरा चेहरा आपल्या डोक्यात अजून आहे, त्याच्यावर दुसरा चढायला नको.

चित्रकाराला काय द्यायचं त्याची यादी मी करायला घेतली आहे. ग्रुप फोटोचं मूळ प्रिंट, स्कॅन नव्हे. ते ज्यांच्याकडे असेल त्यांनी आणावं, पांढऱ्या कडेवर कुणीतरी पेनाने मिशा काढलेलं असलं तरी चालेल. आपल्या आधीच्या आणि नंतरच्या बॅचचे ग्रुप फोटो, कारण त्यातल्या एखाद्यात तरी चष्म्यावर ऊन नसेल. कुणाच्या लग्नाच्या अल्बममध्ये सर अक्षता टाकताना मागे उभे असतील, तेही बघा. नागापूरात त्या काळात एमआयडीसीमुळे बाहेरून आलेली किती घरं होती, त्यांच्या मुंजी-बारशांना सर आवर्जून जायचे. फोटोला कंटाळणारा माणूस दुसऱ्यांच्या फोटोंत कडेला सापडतो. सरांची मुलगी आज इथे आहे. तिची उजवी पापणी बघून घ्या, म्हणजे मी काय म्हणतेय ते कळेल. चित्रकाराने तिला समोर बसवावं, अशी मी तिला विचारून परवानगी घेतली आहे.

आणि काकूंना चित्र तीनदा दाखवायचं. नुसती रेघ असताना, अर्धं झाल्यावर, आणि पूर्ण झाल्यावर. त्या ‘हे कोण’ म्हणाल्या की चित्रकाराने परत बसायचं. याचे पैसे जास्त लागतील, ते मी धरूनच हिशेब समितीकडे दिला आहे.

एक गोष्ट मात्र आजच मिटवायला हवी. सरांच्या चष्म्याची फ्रेम काळी होती की तपकिरी, यावर कालपासून आपल्यात दोन तट पडले आहेत. मुलींच्या बाजूला तपकिरीला बहुमत आहे, मुलांच्या बाजूला काळीला. ग्रुप फोटोत कळत नाही. पी. टी. च्या सरांनी मघाशी मला कानात सांगितलं की आधी काळी होती आणि आपण नववीत असताना, काठी तुटल्यावर, तपकिरी घेतली. हे खरं असेल तर दोन्ही बाजू बरोबर आहेत. पण चित्रात एकच फ्रेम बसते. जेवणाला बसण्याआधी हात वर करून ठरवून टाकू, पी. टी. चे सर मोजतील.